नोंद नसलेली पावलं

मुलीने कॉलेजात कुठला विषय घ्यावा, हा प्रश्न हाउसिंग सोसायटीच्या सभेपुढे नेणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो म्हणजे मापसाहेब. तसा त्यांचा इलाज नव्हता. पण आपला इलाज नव्हता हे माणसाला नेहमी नंतर कळतं, आणि तोवर जिन्यात कुणीतरी चालायला लागलेलं असतं.

मापसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानोदुकानी जायचं, काटे तपासायचे, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं, खऱ्यावर शिक्का मारायचा. इमारतीतले लोक त्यांना 'साहेब' म्हणताना 'सा' जरा लांबवायचे. मापसाहेबांना तो मान वाटायचा, आणि तसं वाटू द्यायला कुणाचं काही जात नव्हतं. ज्या गोष्टीचं वजन होत नाही ती गोष्ट मुळात आहे की नाही, याबद्दल त्यांना शंका असायची. त्यांच्या बायकोला मायग्रेन होतं, त्यावरसुद्धा त्यांचा पुरता विश्वास नव्हता.

आणि अशा माणसाच्या मुलीला आवाज शिकायचा होता.

मुलीला घरात टिकली म्हणत. शाळा संपली आणि तिने सांगून टाकलं, मी व्हिडिओ गेम बनवणार. हे मापसाहेबांनी कसंबसं पचवलं. गेम म्हणजे कॉम्प्युटर, कॉम्प्युटर म्हणजे प्रोग्रॅमिंग, आणि प्रोग्रॅमिंग हा शब्द चारचौघांत उच्चारायला बरा वाटतो. पण कॉलेजचं माहितीपत्रक आलं तेव्हा कळलं, की गेम बनवायला तीन शाखा असतात. प्रोग्रॅमिंग, चित्र आणि ध्वनी. टिकलीने ध्वनीवर बोट ठेवलं.

"ध्वनी म्हणजे?"

"गेममध्ये दार उघडतं ना बाबा, तेव्हा कुर्र होतं. ते आपोआप नसतं होत. कुणीतरी केलेलं असतं."

"कुर्र करायला कॉलेज?"

"तीन वर्षांचं."

मापसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती भाजी चिरत होती. "ऐकलंस? आपलं दार करकरलं की आपण तेल घालतो. लोक पोरांना शिकवतात कशासाठी, तर तेल घालायची अक्कल यावी म्हणून. ही करकरायला शिकणार."

"तुम्ही घातलंत कधी तेल?" ती म्हणाली. "मीच घालते."

शेवटी असं ठरलं, की शाखेचा रकाना तूर्त कोरा ठेवायचा आणि बाकीचा अर्ज भरून द्यायचा. मापसाहेबांच्या मनात होतं, वेळ काढू, पोरीचं डोकं ताळ्यावर येईल. टिकलीच्या मनात काय होतं ते तिने सांगितलं नाही. त्या घरात तिचं ठरवणं तेवढंच आवाज न करता व्हायचं.

कॉलेजच्या खिडकीपलीकडे एक कारकून होता. त्याचा चेहरा खिडकीच्या चौकटीत असा बरोब्बर बसला होता, की तो खिडकीबरोबरच बसवून घेतलाय की काय असं वाटावं.

"अनुभवाचा दाखला जोडा," तो म्हणाला.

"अहो, शाळेतून आत्ता बाहेर पडलीय ती. अनुभव घ्यायलाच तर इथे येतेय."

"अनुभव असल्याशिवाय अनुभव घ्यायला प्रवेश नाही. उमेदवाराने नोंदणीकृत संस्थेत, टीमबरोबर, एक तरी गेम केलेला असावा. संस्थेचं पत्र लागेल. पुढचे या."

मापसाहेब वाटेत दोन ओळखीच्या दुकानांत काटे तपासून आले, पण मन लागलं नाही. नोंदणीकृत संस्था कुठून आणायची? आणि इमारतीच्या दारात त्यांचे पाय थबकले. भिंतीवर पाटी होती. रोज दिसायची, म्हणून कधी दिसली नव्हती. सोसायटीचं नाव, आणि खाली ठसठशीत अक्षरांत: नोंदणीकृत.

सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहत. सभा घ्यायला निमित्त मिळालं की त्यांचा रंग उजळायचा. मापसाहेबांचं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पत्र देता येईल. पण खोटं पत्र देणार नाही. संस्थेने गेम केला असं लिहायचं, तर संस्थेने गेम केला पाहिजे. ठराव लागेल."

"म्हणजे सभा?"

"विशेष सभा," सेक्रेटरी म्हणाले, आणि खुर्च्या मोजायला उठले.

सभा गच्चीवर भरली. गेम म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे सूचना भरपूर आल्या. तिसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर म्हणाले, खेळणाऱ्याने मध्ये मध्ये दात घासावेत, त्याशिवाय पुढे जाता येऊ नये. शेवटच्या मजल्यावरचे काका, त्यांना सगळे वरचे काका म्हणत, ते म्हणाले, माझा पुतण्या गेम खेळून खेळून मान वाकडी करून बसलाय, तेव्हा गेम असा करा की मान सरळ राहील. शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "त्यात कुणी मरायचं नाही. आधीच सांगते. मेलं तर मी सही करणार नाही." सेक्रेटरींनी अट घातली, की गेममध्ये आपली इमारत दाखवायला हरकत नाही, मात्र गच्चीची गळती दाखवू नये, ते प्रकरण वादात आहे.

मग टिकलीला विचारलं, तुझ्या मनात काय आहे?

"काहीच दाखवायचं नाही," टिकली म्हणाली. "सगळा अंधार. तुम्ही एका बंद दाराच्या आत बसलेले. बाहेर जिना. जिन्यावर पावलं वाजतात. पावलं दारापर्यंत यायच्या आत ती कुणाची ते ओळखायचं, आणि नाव सांगायचं."

"आणि ओळखलं नाही तर?" मावशींनी विचारलं.

"दार उघडतं."

"आणि मग?"

"मग काही नाही. दार उघडतं."

दाताचे डॉक्टर हसले. पण एकटेच हसले, आणि एकटंच हसलेलं हसू गच्चीवर फार मोठं ऐकू येतं, म्हणून तेही थांबले.

ठराव मात्र मंजूर झाला. सेक्रेटरी निर्माते झाले, डॉक्टर तांत्रिक सल्लागार, काका व्यायाममार्गदर्शक. सगळा अंधारच असलेल्या गेममध्ये वेशभूषा मावशींकडे गेली. मापसाहेबांकडे गुणवत्ता तपासणी आली, आणि ते मनातून खूश झाले, पण चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

दुसऱ्याच दुपारी टिकलीने दुसऱ्या मजल्यावर, आपल्या घराच्या दारापाशी माइक लावला. एकेकाने खालून वर चालत यायचं. साधी गोष्ट. पण माणसाला चालायला सांगितलं की तो चालत नाही, चालून दाखवतो. मावशी अशा आल्या की जणू पायाखाली नवं कापड अंथरलंय. डॉक्टरांनी आपलं चालणं ऐकलं आणि म्हणाले, हा तर कुणी जाडा माणूस आहे, परत घ्या. सेक्रेटरींनी बगलेत फाइल घेतली होती, फाइलचाही आवाज यावा म्हणून. काकांनी चढता चढता गुडघ्याची हकीगत सांगितली, ती कापून टाकायला टिकलीला अर्धा दिवस लागला.

मापसाहेबांनी पॉलिश केलेले बूट चढवले. छाती पुढे काढली. टाक, टाक, टाक, टाक. धाड घालायला आलेला अधिकारी.

"बाबा, नेहमीसारखं चाला ना."

"हे नेहमीसारखंच आहे," मापसाहेब म्हणाले, आणि त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता.

त्यानंतर एका दुपारी टिकलीने माइक नुसताच चालू ठेवला. रिकाम्या जिन्याचा आवाज लागतो म्हणाली. रिकाम्या जिन्यालाही आवाज असतो, हे मापसाहेबांना पटलं नाही, पण ते त्या दुपारी घरी नव्हते. ते कॉलेजच्या खिडकीपाशी उभे होते. सोसायटीचा शिक्का चौकोनी होता, आणि कारकुनाला गोल हवा होता. गोल आणि चौकोनी यांवर दोघांचं बोलणं चाललं ते ऊन उतरेपर्यंत.

अंधार पडल्यावर ते घरी आले तेव्हा टिकली कानांवर हेडफोन लावून बसली होती. तिने ते काढून त्यांच्या कानांवर ठेवले.

आधी नुसती शांतता. मग खाली, खूप खाली, एक पाऊल. पूर्ण टेकलेलं. त्यामागून दुसरं, किंचित घासत आलेलं, जसं काही ते पहिल्याची वाट बघून मग निघालं असावं. एक पायरी. एक पायरी. वळणावर थांबलं. श्वास. पुन्हा चढू लागलं. दुसऱ्या मजल्याच्या खालची एक पायरी कधीची तुटली होती, आणि दुरुस्ती सभेत अडकल्याने सोसायटीने तिच्यावर फळी टाकली होती. ती फळी कण्हली. मग पावलं दारापाशी आली. याच दारापाशी. आणि उभी राहिली.

पुढे काही नाही. बेल नाही. वर गेलेली पावलं नाहीत. खाली गेलेलीही नाहीत. माइक अंधार पडेपर्यंत चालू होता, आणि अंधार पडेपर्यंत तो माणूस दारात उभा होता.

"कोण आहे हा?" मापसाहेब म्हणाले, आणि आपण कुजबुजतोय हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

ज्याचं त्याचं पाऊल टिकलीकडे होतंच. ताडून पाहिलं. एकाशीही जुळेना. मग सेक्रेटरींना बोलावलं, सेक्रेटरी सगळ्यांना घेऊन आले, आणि मापसाहेबांच्या पुढच्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसून ऐकू लागली.

"चोर असेल," डॉक्टर म्हणाले.

"चोर इतका हळू?" काका म्हणाले.

"दमलेला चोर."

"पार्सलवाला?"

"पार्सलवाले धावतात हो. हा बघा कसा येतोय. ह्याच्या हातात काही नाही."

मावशी बराच वेळ ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "ह्याला घरी जायचंय. पण जावंसं वाटत नाहीये." आणि आपणच बोललेल्याची भीती वाटून त्या डॉक्टरांच्या बाजूला सरकल्या.

सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली. 'ज्या कुणाची पावलं दुपारच्या ध्वनिमुद्रणात आढळली आहेत, त्यांनी ती कार्यालयीन वेळेत ओळख पटवून घेऊन जावीत. न नेल्यास पुढील परिणामांस सोसायटी जबाबदार राहणार नाही.' पुढील परिणाम म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण ते वाक्य वाचलं आणि दोन घरांतल्या माणसांनी दुपारी बाहेर पडणं बंद केलं.

टिकलीने परत माइक लावला. पावलं परत आली. त्याच्या पुढच्या दुपारीही. कुणी दार उघडून बघावं, तर दारात कुणी नसायचं, आणि दार लावलं की फळी कण्हायची.

मग इमारत बदलली. जिना चढताना लोक ओरडू लागले. "मी आहे हो, मी! दातवाला!" मावशी गुणगुणत यायच्या. काका काठी लागत नसताना काठी घेऊन आले आणि कठडा वाजवू लागले. आपण आपणच आहोत हे प्रत्येकाला प्रत्येक पायरीवर सिद्ध करावं लागत होतं. आणि एक गोष्ट आधी टिकलीच्या लक्षात आली, मग सगळ्यांच्या. आता प्रत्येक जण आपल्या रेकॉर्डिंगसारखा चालत होता. मावशी नव्या कापडावरून, सेक्रेटरी फाइल घेऊन. अख्ख्या जिन्यात साधं, न ठरवता पडलेलं पाऊल एकच उरलं होतं, आणि ते कुणाचं ते माहीत नव्हतं.

मापसाहेबांना हे सहन होईना. इतकी वर्षं त्यांनी दुकानदारांना एकच गोष्ट सांगितली होती, की बोलू नका, काट्यावर ठेवा. त्यांनी माळ्यावरून खात्याने बाद केलेली लोखंडी वजनं काढली. फळी कण्हते ना? मग किती वजनाला कशी कण्हते ते बघता येईल. एका लाकडी खोक्यात वजनं भरायची, डॉक्टरांनी आणि त्यांनी दोन बाजूंनी धरून खोकं फळीवर टेकवायचं, आणि टिकलीने हेडफोन लावून सांगायचं, जुळतं की नाही. इमारतीतली माणसं कठड्यावरून वाकून बघत होती. मापसाहेबांना कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

"हलकं आहे," टिकली म्हणायची. "अजून."

आणखी एक वजन.

"अजून थोडं."

डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. "साहेब, ह्याला भुताटकी म्हणतात. भुताला वजन नसतं."

"म्हणून तर," मापसाहेब म्हणाले. "वजन निघालं म्हणजे माणूस."

मग एकदा खोकं टेकलं आणि टिकलीने हात वर केला. "हेच! बाबा, हेच आहे."

मापसाहेबांनी खोक्यातली वजनं मनात मिळवली. ती संख्या त्यांच्या ओळखीची होती. खात्यात मागच्याच महिन्यात सगळ्यांची वैद्यकीय तपासणी झाली होती, वजनासकट, आणि तो काटा त्यांनी स्वतः तपासलेला होता. ते फळीवर, खोक्याशेजारी, हळूच बसले.

"किती भरलं?" वरून सेक्रेटरींनी विचारलं.

"अं... नक्की सांगता येत नाही," मापसाहेब म्हणाले. "वजनं झिजलेली आहेत."

सगळ्या नोकरीत त्यांनी सांगितलेलं हे पहिलं खोटं माप.

घरी आले तेव्हा बायको टेबल पुसत होती. आजवर तिला कुणी ते रेकॉर्डिंग ऐकवलं नव्हतं. माणसं जमली की ती आत चहा करत असे, आणि ते तेवढं तिच्या कानावर पडायचं राहून गेलं होतं. मापसाहेबांनी टिकलीला ते मोठ्याने लावायला सांगितलं. एक पाऊल. मागून घासत दुसरं.

"हे एवढ्यासाठी चाललंय?" बायको म्हणाली. "हे तुम्ही आहात."

"मी टाक टाक चालतो."

"ते साहेब चालतात. हे तुम्ही. रोज ह्याच आवाजावर मी चहा टाकते."

"अगं पण त्या दुपारी मी कॉलेजच्या खिडकीपाशी उभा होतो! गोल शिक्क्यासाठी! शंभर लोकांनी पाहिलंय मला!"

"असाल," ती म्हणाली, आणि फडकं घडी करू लागली. "पण मी चहा टाकला होता. मला वाटलं, आलात. बेल वाजली नाही. चहा गार झाला, ओतून दिला. मग बऱ्याच वेळाने तुम्ही आलात, मी परत टाकला. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही नाही विचारलं."

टिकलीने रेकॉर्डिंग बंद केलं.

"आत का नाही येत तो?" शेवटी मापसाहेबांनी विचारलं. कुणाला विचारलं, ते त्यांनाच ठाऊक.

"तुम्ही तरी लगेच कुठे येता? दारापाशी उभे राहता. शर्ट खोचता, चेहरा ठीक करता. दुकानदार दिवसभर काय काय बोलले असतील ते पुसून टाकता. आणि मग बेल." ती स्वयंपाकघराकडे वळली. "मी आत उभी असते. मला ऐकू येतं सगळं."

मापसाहेबांना वाईट कशाचं वाटलं? आपण एका वेळी दोन ठिकाणी होतो, ह्याचं नव्हे. ते झालं असेल, जगात काय काय होतं. त्यांना वाईट वाटलं ते ह्याचं, की अख्ख्या इमारतीने कान देऊन ऐकलं, डॉक्टर म्हणाले दमलेला चोर, आणि कुणाच्याही मनात आलं नाही की हे आपले मापसाहेब. बरं, आलं असतं तर त्याहून वाईट झालं असतं. ही गोष्ट इथेच पुरायची, असं त्यांनी ठरवलं. बायकोला आणि टिकलीला तसं सांगूनही टाकलं. आणि ती पुरली गेलीही असती, पण कारकून होता ना.

गेम तयार झाला. सोसायटीने खेळून पाहिला. नुसत्या शेजाऱ्यांची पावलं असली की लोक हसत, नावं सांगत, मजा करत. पण त्यात मध्येच कधीतरी ती पावलं यायची, त्यांना नाव नसायचं, आणि ती दारापर्यंत येईतो काकांसारखा माणूस हेडफोन काढून फेकायचा आणि मागे वळून बघायचा. मावशींनी अर्धाच खेळला, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या मशीनचा आवाज आला नाही. मापसाहेब गुणवत्ता तपासायला बसले आणि पहिल्याच पायरीला उठले.

सोसायटीचं पत्र, नवा गोल शिक्का, गेमची डिस्क, सगळं घेऊन मापसाहेब आणि टिकली मुलाखतीला गेले. कारकुनाने कागद चाळले. "प्रत्येक आवाजाच्या मालकाची लेखी संमती लागते. ह्यांची आहे, ह्यांची आहे, ह्यांची आहे... हा शेवटचा आवाज कुणाचा?"

"माहीत नाही," टिकली म्हणाली. तिने बापाकडे बघितलंसुद्धा नाही. सांगितलेलं पाळायची मुलगी होती ती.

"मग तो काढा. संमती नसलेला आवाज चालत नाही."

आतल्या खोलीत ध्वनी शिकवणाऱ्या बाई होत्या. पिकलेले केस, गळ्यात जाडजूड हेडफोन. त्यांनी गेम खेळून बघितला. बराच वेळ त्या निश्चल बसल्या होत्या. मग एकदम त्यांनी मान वळवून खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

"हे पाऊल..." त्या म्हणाल्या. "हे ठेवता आलं तर ही मुलगी आजच माझ्या वर्गात. पण नियम आहे. हे काढलं तर राहिलेला गेम चांगला आहे, नीटनेटका आहे, पण ध्वनीला पुरणार नाही." त्यांनी कागद उलटला. "काळजी करू नका. प्रोग्रॅमिंगला जागा आहे. तिकडे पाठवते."

बघा, म्हणजे मापसाहेबांनी काहीसुद्धा करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. जे त्यांना पहिल्या दिवसापासून हवं होतं ते आयतं ताटात येत होतं, आणि वर ती लाज कायमची पुरली जात होती. प्रोग्रॅमिंग! चारचौघांत सांगता येईल असा शब्द. त्यांनी टिकलीकडे पाहिलं. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती आणि आवाज न करता श्वास घेत होती.

"माझी आहेत," मापसाहेब म्हणाले.

"काय?"

"ती पावलं. मी सही करतो."

कारकून दारातून आत आला. "तुमची संमती इथे आहे आधीच. टाक टाक वाली."

"ती मी काढलेली आहेत. ही माझी आहेत."

"एका माणसाची दोन?" कारकुनाने बाईंकडे पाहिलं. "तपासावं लागेल. खोटं निवेदन असलं तर अर्ज बाद होतो."

बाहेर लांब बोळ होता, एका बाजूला बंद खोल्यांची दारं. बाईंनी माइक दारात ठेवला, हेडफोन लावले आणि डोळे मिटले. "चाला."

मापसाहेब चालले. टाक, टाक, टाक.

"नाही. नेहमीसारखं."

त्यांनी पाय घासला. तो दोन्ही पायांनी घासला गेला. मग एकाच पायाने घासला, तर लंगडल्यासारखं झालं. ते थांबले, श्वास घेतला, तो शिंकेसारखा आला. स्वतःची नक्कल करणारा माणूस किती दयनीय दिसतो ते त्या बोळात दिसत होतं. एका खोलीतून दोन विद्यार्थ्यांनी डोकावून पाहिलं आणि तोंडावर हात धरले. मापसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी परत परत केलं. जितकं केलं तितकं ते लांब गेलं.

"पुरे," कारकून म्हणाला. "साहेब, वजनमापे खात्यात आहात ना? खोटं माप घेऊन आलात?"

आयुष्यभर हे वाक्य मापसाहेबांनी दुसऱ्यांना म्हटलं होतं. त्याचं वजन किती असतं ते त्यांना आज कळलं. टिकली खोलीच्या दारात उभी होती. त्यांना तिच्याकडे बघवेना. ते वळले, आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाला जिना होता तिकडे निघाले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. फक्त इथून जायचं होतं.

"हेच!" मागून टिकली ओरडली. "बाबा, हेच! हेच!"

"हेच आहे," बाईंचा आवाज आला. "मारा शिक्का. ध्वनी."

कारकुनाच्या शिक्क्याचा धप्प आवाज झाला. मापसाहेब जागच्या जागी थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं. टिकली दोन्ही हात तोंडावर धरून रडत होती की हसत होती ते इतक्या लांबून कळत नव्हतं. त्यांनी नकळत शर्ट खोचायला हात नेला, आणि मग नेला तसाच खाली सोडला.

बाईंनी हेडफोन काढले नव्हते. डोळे मिटलेलेच होते, आणि चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

"थांबू नका," त्या म्हणाल्या. "चालत राहा. फार सुंदर येतंय."

मापसाहेब केव्हाचे थांबले होते.